फळ्यावरची आकृती कोणी समजावायची?

शाळेत दृष्टिबाधित मूल दाखल झालं की शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "त्याच्यासाठी विशेष शिक्षक येतात ना!" सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीनं होतं.

समग्र शिक्षा योजनेतल्या विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा असतात. रोजचे तास घेतात ते विषयशिक्षकच. शिवाय विशेष शिक्षकाला ब्रेल येते, पण दहावीची भूमिती येईलच असं नाही. गणिताच्या सरांचं नेमकं उलट. पुढच्या आठवड्यात कोणतं प्रमेय आहे हे सरांनी आधी कळवलं, तर विशेष शिक्षक जाड कागदावर दोरा चिकटवून बोटांना कळेल अशी आकृती तयार ठेवतात. आयत्या वेळी कळलं, तर मूल तासभर नुसतं बसून राहतं. सरांनी आपलं बोलणंही थोडं बदलायला हवं. "ही रेषा हिला इथे छेदते" याऐवजी "रेषा एबी ही रेषा सीडीला ओ बिंदूत छेदते" असं म्हणावं. डोळस मुलांनाही ते जास्त स्पष्ट होतं.

दृष्टिबाधित म्हणजे काहीच न दिसणारा, हाही गैरसमजच. 2016चा दिव्यांग हक्क कायदा अंधत्व आणि अल्पदृष्टी वेगवेगळी मानतो. अल्पदृष्टी असलेली अनेक मुलं मोठ्या, ठळक अक्षरांतलं वाचतात. मुलाला किती आणि कोणत्या उजेडात दिसतं, हे नेत्रतज्ज्ञांचा अहवाल सांगतो, आईला ठाऊक असतं. तो अहवाल मुख्याध्यापकांच्या कपाटात राहिला, तर वर्गात त्याचा काय उपयोग?

"मोबाइल बोलतो, आता ब्रेल कशाला?" असंही विचारलं जातं. ऐकून गोष्ट कळते. 'दिन' आणि 'दीन' यांतली वेलांटी मात्र बोटांखालीच कळते. म्हणून ब्रेलचा आग्रह मराठीच्या बाईंनीही धरला पाहिजे.

खेळाच्या तासाला सावलीत बसवणं म्हणजे काळजी नव्हे. आवाज करणारा चेंडू मिळतो. आणि परीक्षेत लेखनिक दिला की झालं, असंही नाही. लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान 20 मिनिटं जादा देण्याची तरतूद केंद्राच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांनी केली. पण उत्तर तोंडी सांगून लिहवून घेण्याचा सराव वर्षभर वर्गातच व्हावा लागतो.

जूनमध्ये शाळा उघडताच वर्गशिक्षक, विषयशिक्षक, विशेष शिक्षक आणि पालक यांनी एकदा एकत्र बसावं. त्या बैठकीत मुलालाही बसवा आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारा.