निर्वात दाबाच्या साहाय्याने चामडी होल्स्टरची घरगुती घडण : तत्त्व, कृती आणि मर्यादा

प्रस्तावना

पिस्तूल कमरेला सुरक्षितपणे बाळगण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चामडी म्यानास होल्स्टर असे म्हणतात. अमेरिकेत खाजगी शस्त्रबाळगणीची प्रथा मोठी असल्याने घरच्या घरी होल्स्टर तयार करणारा हौशी व लघुव्यावसायिक कारागिरांचा वर्ग तेथे निर्माण झाला आहे. ओले चामडे शस्त्राच्या आकारावर दाबून घडविण्याचे काम पूर्वी बोटांनी व हाडाच्या पट्टीने होत असे. त्याला पुढे निर्वात दाबाची जोड मिळाली. वरवर पाहता ही एक छोटी युक्ती आहे. परंतु तिच्यात भौतिकशास्त्र, चर्मरसायन आणि हस्तकौशल्य या तीन शाखा एकत्र येतात. शिवाय घडणीतील दोषाचा संबंध थेट मानवी जीविताशी पोहोचतो. म्हणून या पद्धतीचे तत्त्व, कृती आणि मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

चामड्याचे स्वरूप

चामडे हे मूलतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे गुंतागुंतीचे जाळे होय. वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेले चामडे पाणी शोषून घेते, तेव्हा तंतू एकमेकांवरून सरकू शकतात. पाणी उडून गेले की हेच तंतू नव्या स्थितीत परस्परांशी बांधले जातात आणि दिलेला आकार टिकून राहतो. अमेरिकेत १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी एकस्व घेतलेल्या पद्धतीपासून क्रोम कमावणीचा व्यापारी प्रसार झाला. क्रोम चामडे मऊ व उष्णतेस अधिक टिकाऊ असते, परंतु ओले करून दिलेला आकार ते नीट धरून ठेवत नाही. त्यामुळे होल्स्टरसाठी वनस्पतिजन्य कमावणीचे चामडेच निवडावे लागते. त्याची जाडी तेथे औंसात सांगतात. एक औंस म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर. सात ते नऊ औंसांचे, म्हणजे सुमारे २.८ ते ३.६ मिलिमीटर जाडीचे चामडे या कामी सामान्यतः वापरले जाते.

महाराष्ट्राला हे चामडे अपरिचित नाही. हिरडा व बाभळीची साल वापरून कमावलेले चामडे ही कोल्हापुरी चपलेची ओळख होय. या चपलेस २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले.

निर्वात दाबाचे तत्त्व

निर्वात पोकळी चामड्याला ‘ओढून घेते’ असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः निर्वात कशालाही ओढत नाही. पिशवीतील हवा काढून घेतली की आतील प्रतिदाब कमी होतो आणि बाहेरचे वातावरण पिशवीला, पर्यायाने चामड्याला, आत ढकलते. ऑटो फॉन गेरिके यांनी सतराव्या शतकात माग्देबुर्गच्या अर्धगोलांच्या प्रयोगातून दाखविले ते हेच तत्त्व.

समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.०३ किलोग्रॅम भाराइतका असतो. २० सेंटिमीटर लांब व १२ सेंटिमीटर रुंद होल्स्टरच्या एका बाजूचे क्षेत्रफळ २४० चौरस सेंटिमीटर भरते. पिशवीतील हवेचा दाब ७० टक्क्यांनी कमी केल्यास त्या बाजूवर सुमारे १७० किलोग्रॅम भाराइतके बल पडते. २० किलोपास्कल दाबफरक निर्माण करणाऱ्या केर ओढण्याच्या यंत्राने हेच बल जेमतेम ५० किलोग्रॅम इतके राहील. अन्नपदार्थ हवाबंद करणारे यंत्र किंवा शीतक दुरुस्तीचा निर्वात पंप कारागीर का पसंत करतात, हे यावरून स्पष्ट होते.

या बलाचे वैशिष्ट्य त्याच्या दिशेत आहे. ते प्रत्येक बिंदूवर पृष्ठभागाला लंब असते व सर्वत्र सारखे असते. बोटांच्या दाबात अशी समानता साधत नाही.

कृती

१. शस्त्राऐवजी त्याच मापाची घन प्रतिकृती घ्यावी. निळ्या रंगाच्या अशा प्रतिकृती अमेरिकेत तयार मिळतात. प्रत्यक्ष शस्त्र ओल्या चामड्यात गंजते आणि घडण करताना हाताळणे धोक्याचे असते.

२. नळीच्या माथ्यावर माशीच्या रेषेत एक बारीक लाकडी पट्टी चिकटवावी. त्यामुळे शस्त्र काढताना माशीला मोकळी वाट राहते. चापाभोवतीच्या कड्यातील पोकळी भरून घ्यावी.

३. शिवून तयार झालेले होल्स्टर कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून बाहेर काढावे. पृष्ठभागाचा रंग मूळ छटेकडे वळू लागला, परंतु स्पर्शाला गारवा जाणवत असला, म्हणजे चामडे घडणीस योग्य झाले असे समजावे.

४. प्रतिकृती आत बसवून होल्स्टरवर मऊ, गुळगुळीत आच्छादन घालावे. ते नसल्यास पिशवीच्या सुरकुत्या व जाळीदार नक्षी चामड्यावर कायमची उमटते.

५. हवा काढून पाच ते दहा मिनिटे दाब टिकवावा. पंप व पिशवी यांच्यामध्ये पाणी अडविणारे भांडे असावे, अन्यथा पंपाच्या तेलात पाणी मिसळते.

६. पिशवीतून काढून बारीक कडा हाडाच्या पट्टीने उठवाव्यात व सावलीत, हवेशीर जागी वाळवावे.

मर्यादा

पहिली मर्यादा भौतिक आहे. निर्वाताने मिळणारा दाब एका वातावरणापलीकडे जाऊच शकत नाही. उंचीनुसार तो आणखी घटतो. डेन्व्हर शहर सुमारे १,६०० मीटर उंचीवर असल्याने तेथे तो समुद्रसपाटीच्या ८३ टक्क्यांच्या आसपास राहतो. आपल्याकडे महाबळेश्वरीही सुमारे १५ टक्के घट पडते. दुसरे म्हणजे, ३० अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब सुमारे ३२ मिलिमीटर पारा इतका असल्याने ओले चामडे आत असेपर्यंत पूर्ण निर्वात साधत नाही. तिसरे म्हणजे, जाड चामडे अरुंद खाचेवर पुलासारखे ताणलेले राहते. म्हणूनच यंत्रानंतरही हाताचे काम उरतेच. वाळवण्याची घाई करून तीव्र उष्णता दिल्यास ओल्या तंतूंचे आकुंचन होऊन चामडे ठिसूळ बनते.

सुरक्षिततेचा प्रश्न

अधिक ठसठशीत आकार म्हणजे अधिक चांगले होल्स्टर, असे समीकरण मांडणे योग्य नव्हे. चापाच्या कड्यात चामडे खोल दाबले गेल्यास शस्त्र आत सरकविताना तेच चामडे चापावर दाब देऊ शकते. तोंडाशी मऊ पडून दुमडलेल्या जुन्या चामड्यामुळेही अनवधानाने गोळी सुटण्याचा धोका असतो. चाप पूर्ण झाकणे, परंतु त्याला स्पर्श न करणे, ही येथील खरी कसोटी होय. तयार होल्स्टर प्रथम प्रतिकृतीने व नंतर रिकाम्या शस्त्राने तपासल्याविना वापरात आणू नये.

समारोप

भारतात अग्निशस्त्र बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना आवश्यक असल्याने होल्स्टरची गरज येथे मर्यादित आहे. तथापि हीच पद्धत कोयत्याचे म्यान, बागकामाच्या कात्रीचे घर, मोजपट्टीची पेटी अशा वस्तूंना तितकीच लागू पडते. वनस्पतिजन्य कमावणीचे चामडे व ते हाताळणारे कुशल कारागीर आपल्याकडे आहेत; लागणारी साधनेही फार खर्चिक नाहीत. महाविद्यालयीन पातळीवर पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र विभागांनी स्थानिक चर्मकारांच्या सहभागाने असा प्रयोग हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना दाबाची संकल्पना प्रत्यक्ष हाताळता येईल आणि कारागिरालाही वस्तुवैविध्याचा नवा मार्ग उपलब्ध होईल. मात्र यंत्र आकार देते, त्या आकाराची योग्यता ठरविण्याचे काम कारागिराच्या हाताचे व विवेकाचेच राहते, हे विसरून चालणार नाही.