‘पाणीसुद्धा नाही?’

रमजान आला की शेजारी, सहकारी, ओळखीचे दुकानदार सगळे हा प्रश्न हमखास विचारतात. त्यात आपुलकी असते, म्हणून दरवर्षी तेच उत्तर द्यायचा कंटाळा येत नाही. नाही, पाण्याचा घोटही नाही. पण डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यांवर जाड पॅड चढवून, ऑगस्टच्या उन्हात धावणाऱ्या हुसेन अब्दुल्लाकडे पाहिलं की आपलंच पाणी मागावंसं वाटतं.

हुसेन अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू. हा फुटबॉल आपला नव्हे. यात लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याने अंगावर झेपावून पाडायचं. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला हुसेन मोठा भाऊ हमजाच्या मागोमाग वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात गेला आणि 2004 ते 2007 तिथल्या संघाकडून खेळला. कॉलेजचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि त्या चारही वर्षी रमजान नेमका त्यातच आला होता.

व्यावसायिक संघ दरवर्षी कॉलेजांतून खेळाडू निवडतात. 2008 साली हुसेनचं नाव कुणीच पुकारलं नाही. मिनेसोटा वायकिंग्जने त्याला निवडीबाहेरून घेतलं. अशा मुलाला सराव शिबिरातच स्वतःला सिद्ध करावं लागतं. पुढे रमजान सरकत त्याच शिबिराच्या दिवसांत आला. तिथला उन्हाळी दिवस मोठा, रोजा पंधरा तासांहून जास्त. हुसेनने तो सोडला नाही. संघाच्या आहारतज्ज्ञांनीही त्याला समजावत बसण्याऐवजी सहरी आणि इफ्तारला काय, किती घ्यायचं हे आखून दिलं. मला यातली ही गोष्ट सर्वांत आवडते.

2012 मध्ये त्याचा करार संपला होता. ऐन उमेदीची वर्षं, आणि हुसेनने तो पूर्ण हंगाम सोडून हमजासोबत हजला जायचं ठरवलं. ऐपत आणि ताकद असेल त्याच्यावर हज आयुष्यात एकदा फर्ज आहे. आपल्याकडे पुष्कळजण मुलींची लग्नं, घर, निवृत्ती आटोपून मग निघतात. याने परतल्यावर नोकरी असेल की नाही हेही ठाऊक नसताना प्रस्थान ठेवलं. 2013 मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला घेतलं.

29 सप्टेंबर 2014. समोर न्यू इंग्लंडचा टॉम ब्रेडी, त्या खेळातला सचिनच म्हणा. त्याचा पास हुसेनने मध्येच झेलला, 39 यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, गुडघ्यांवर घसरत थांबला आणि कपाळ जमिनीला टेकवलं. शुक्राचा सज्दा. पंचांनी अतिरेकी जल्लोष म्हणून 15 यार्डांचा दंड केला! त्यावर गदारोळ झाला. ख्रिस्ती खेळाडू गुडघा टेकून प्रार्थना करतात तेव्हा काय, असं लोकांनी विचारलं. दुसऱ्याच दिवशी लीगने मान्य केलं की धार्मिक भावनेने जमिनीवर टेकणाऱ्याला दंड करायचा नसतो, पंच चुकले. हुसेनने मात्र कांगावा केला नाही. दंड बहुधा त्या घसरण्याबद्दल असावा, एवढंच तो म्हणाला.

त्या खेळात डोक्याला मार बसतोच. त्याच्या डोक्याला असा जबर धक्का पाच वेळा बसला. 2016 मध्ये, तिशीतच, त्याने निवृत्ती जाहीर केली. घरच्यांच्या आणि समाजाच्या उपयोगी पडायचं, तर डोकं शाबूत हवं, असं कारण त्याने दिलं.