जकात आणि नगराचे स्वातंत्र्य

लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी या चार दरवाजांकडून येणारे रस्ते मांडवीत मिळतात. मराठीत ‘मांडवी’ म्हणजे जकातीची जागा. उदारमतवादी अर्थशास्त्राला हा कर कधीच रुचला नाही. त्याने व्यापार अडतो, जिन्नस महागतो आणि झळ गरिबाला अधिक बसते, हा त्याचा आक्षेप खोटा नाही. मात्र सयाजीराव महाराजांनी उदारमतवादाचा अर्थ व्यापारापुरता मर्यादित ठेवला नाही. १९०६ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे व मोफत केले. १९०८ साली त्यांच्याच आश्रयाने बँक ऑफ बडोदा स्थापन झाली.

गुजरातेतील महानगरपालिकांची जकात २००७ साली उठली. नाक्यांवरचा खोळंबा संपला, हे इष्टच झाले. परंतु नगराचे हक्काचे उत्पन्न जाऊन त्याच्या जागी राज्याचे अनुदान आले. पाणी कोणत्या वस्तीला आधी द्यावे, शाळा कोठे काढावी, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य स्वतःच्या उत्पन्नावाचून टिकत नाही. म्हणून ज्याची मालमत्ता मोठी त्याच्यावर घरपट्टी अधिक, आणि तिची वसुली निःपक्षपाती, हा जकातीला खरा पर्याय होय. तो स्वीकारल्याखेरीज व्यापार मुक्त होईल, नगर मात्र परावलंबीच राहील.