लेथचं लाडकं पितळ

फ्री-कटिंग पितळाची सळई लेथवर लावली की टूलखालून बर उडते ती बारीक, तुटक. शुद्ध तांब्याची निघते तशी लांबलचक वेटोळी जॉबभोवती गुंडाळत नाहीत. अमेरिकी क्रमांकपद्धतीत सी 36000 या नावाचं हे पितळ कापण्याच्या सोपेपणाचं मापच होऊन बसलं आहे. त्याला 100 गुण, आणि तांब्याच्या बाकी मिश्रधातूंना त्याच्या तुलनेत. आपल्याकडे याच कुळातल्या सळयांसाठी आयएस 319 हे मानक आहे.

तांबं साधारण 61 टक्के, शिसं 3 टक्क्यांच्या आसपास, उरलेलं बहुतेक जस्त. शिसं घन पितळात जवळजवळ विरघळत नाही. धातू गोठताना ते सूक्ष्म थेंबांच्या रूपात स्फटिककणांच्या सीमांवर आणि कणांच्या पोटातही अडकून राहतं. टूल तिथे पोचलं की बर तुटते, आणि मऊ शिसं धारेला वंगणाचं काम देतं.

कडकपणाशी मात्र या शिशाचा संबंध नाही. पोलादासारखं लाल करून पाण्यात बुडवल्यानेही हे पितळ कडक होत नाही. त्याला थंडच डायमधून ओढावं लागतं. पुण्याच्या तांबट आळीत मठारकामात तांब्यावर पडणारे हातोडीचे घावही हेच करतात: स्फटिकांचे थर एकमेकांवरून सरकतात, त्यातले दोष एकमेकांत अडकतात आणि पुढचं सरकणं अवघड होतं.

किती अवघड? 25 मिलिमीटर व्यासाची मऊ केलेली सळई सुमारे 340 मेगापास्कलला तुटते, हाफ हार्ड, म्हणजे थंड ओढून अर्धवट कडक केलेली, 400 ला. फरक फारसा नाही. पण कायमची ताणली जायला मऊ सळई 125 लाच सुरुवात करते आणि हाफ हार्ड 310 पर्यंत टिकते. आट्यांचं फिटिंग कसून आवळलं तरी आटे का टिकतात, ते या दुसऱ्या आकड्यात आहे. किंमत तन्यतेत मोजावी लागते. तुटण्याआधी मऊ सळई 53 टक्के लांबते, हाफ हार्ड जेमतेम 25.

एक गैरसमज चांगल्या डिझायनरलाही नडतो. कडक म्हणजे कमी वाकणारी, असं नसतं. स्थितिस्थापकतेचा गुणांक दोन्हींत सुमारे 97 गिगापास्कलच. बारीक दांडा हलक्या भाराखाली जेवढा मऊ असताना लवेल, तेवढाच कडक झाल्यावरही लवेल. भार वाढला की मऊ दांडा आधी कायमचा वाकेल, एवढाच फरक.

ओढताना सळईचा पृष्ठभाग आणि गाभा सारखे ताणले जात नाहीत, त्यामुळे आत ताण साठून राहतो. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लष्कराला याचा फटका बसला. तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. ते पितळ बिनशिशाचं, 70 टक्के तांब्याचं होतं, पण दुखणं तेच. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि काडतुसात साठलेला ताण, असे तिन्ही जमले की तडा. 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी ही सांगड उलगडून मांडली. उपाय साधा आहे: माल सुमारे 250 अंशांवर तासभर तापवायचा. ताण बराच उतरतो, कडकपणा जवळजवळ तसाच राहतो. घाई असली की नेमकी हीच पायरी गाळायचा मोह होतो. माल आतून ताणलेला आहे का, हे मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवून कळतं. असेल तर भेगा दिसतात.

आता अडचण शिशाचीच आहे. अमेरिकेत 2014 पासून पिण्याच्या पाण्याच्या नळजोडणीत पाणी लागणाऱ्या पृष्ठभागांवर शिशाची भारित सरासरी 0.25 टक्क्यांच्या वर चालत नाही. पर्याय म्हणून सिलिकॉनचं पितळ आलं, बिस्मथचंही. बिस्मथची खोड वेगळी. शिशासारखं थेंबांत बसायचं सोडून ते कणांच्या सीमांवर पातळ पसरतं आणि पितळ ठिसूळ करतं. त्यात शिसं मिसळलं तर दोघांचं मिश्रण 125 अंशांच्या आसपासच वितळू शकतं. जामनगरसारख्या ठिकाणी, जिथे भंगार पितळ वितळवून पुन्हा सळया आणि सुटे भाग घडतात, तिथे शिशाच्या आणि बिस्मथच्या पितळाची बर लेथपासूनच वेगळ्या डब्यांत ठेवावी लागते. एकदा भट्टीत गेल्यावर ती वेगळी करता येत नाही.