डॉक्टरांनी औषध का दिले नाही?



मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी माझे रक्त तपासले, तर पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या. नागपूरला पुढच्या तपासण्या झाल्या आणि निदान आले: सीएलएल. रक्ताचा कर्करोग, सुरुवातीची अवस्था. औषध मात्र एकही नाही!

अर्जुनी मोरगावला परतलो तेव्हा मंडळीतल्या काहींना वाटले, डॉक्टरांनी हात टेकले. काही म्हणाले, मग आजारच नसेल. एका मावशींनी तो सिकलसेलच ठरवला. सिकलसेल आपल्याकडे सर्वांच्या ओळखीचा, पण तो तांबड्या पेशींचा आणि जन्मापासूनचा. माझा तो नव्हे. हा कोणाला संसर्गाने लागतही नाही.

सीएलएल बहुधा संथ चालतो, कित्येकदा वर्षानुवर्षे. त्रास नसताना औषध सुरू केल्याने आयुष्य वाढते, असे अभ्यासांत दिसलेले नाही. दुष्परिणाम मात्र सोसावे लागतात. म्हणून मी ठरल्या तारखेला रक्त तपासतो. मानेत, काखेत गाठी वाढल्या, रात्री घामाने कपडे भिजले, वजन उगाच घटले, तर तारखेची वाट पाहायची नाही. तापाचेही तसेच. या आजारात संसर्गाशी लढण्याची ताकद कमी होते, त्यामुळे ‘हिवताप असेल’ म्हणून घरी पडून राहणे मी सोडले.

सीएमएल हा दुसराच प्रकार. त्यात गोळी लगेच सुरू करावी लागते आणि नियमित घ्यावी लागते. नावात एका अक्षराचा फरक! कोणाला असे निदान झाले, तर आजाराचे नाव डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

माझी पुढची तपासणी रोवणी आटोपल्यावर आहे. प्रार्थनेत आठवण असू द्या.