सान सेबास्तियान : राणीची वाळू आणि लोकांची वाळू

स्पेनच्या उत्तर अंगाला, फ्रान्सच्या हद्दीपासून सुमारे वीस किलोमीटरांवर, सान सेबास्तियान हे शहर समुद्राकाठी वसले आहे. तेथील बास्क लोक आपल्या भाषेत त्याला दोनोस्तिया म्हणतात. खाडी शिंपल्याच्या आकाराची, म्हणून पुळणीचे नाव ‘ला कोंचा’, म्हणजे शिंपला. एका टोकाला उर्गुल डोंगर, दुसऱ्या टोकाला इगेल्दो आणि तोंडाशी सांता क्लारा नावाचे लहानसे बेट. जागा चित्रासारखी आहे यात शंका नाही. परंतु नुसते चित्रच पाहावयाचे तर आपले हर्णै-मुरुड काय वाईट? आम्ही हे शहर पाहावयास सांगतो ते निराळ्या कारणाकरिता. विश्रांती कोणाला मिळाली, कोणाच्या श्रमावर मिळाली आणि समुद्रकाठ कोणाच्या मालकीचा, या प्रश्नांचा इतिहास येथे तासा-दोन तासांच्या चालीत पायाखालून जातो.

चाल सुरू करावी ती जुन्या गावातल्या ‘३१ ऑगस्ट’ या रस्त्यावरून. रस्त्याला तारखेचे नाव का? १८१३ साली या तटबंदीच्या गावात नेपोलियनची फौज होती. इंग्रज-पोर्तुगीज सैन्याने तटाला खिंडार पाडून ३१ ऑगस्टला गाव घेतले. हे सैन्य आले होते सुटका करावयास; पण आत शिरताच त्याने गाव लुटले, बायकांवर अत्याचार केले आणि मग जी आग भडकली ती दिवसचे दिवस विझली नाही. सुमारे ६०० घरांपैकी चाळीसही उरली नाहीत. जी उरली ती बहुतेक याच रस्त्यावर. या सैन्याचा सरसेनापती म्हणजे वेलिंग्टन. दहाच वर्षांपूर्वी, १८०३ साली, असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांशी लढलेला तोच आर्थर वेलस्ली! वेढ्याचे प्रत्यक्ष काम त्याच्या हाताखालच्या ग्रॅहॅमकडे होते, हेही सांगितले पाहिजे. खिंडाराच्या जागी पुढे बाजार उभा राहिला आणि त्याचे नाव ‘ला ब्रेचा’, म्हणजे खिंडारच, असे पडले. मंडई म्हणजे खिंडार, हे नाव एरवी कोणाला सुचले नसते.

जळलेल्या गावासाठी उगार्तेमेंदिया नावाच्या वास्तुशास्त्रज्ञाने मध्ये अष्टकोनी चौक असलेला अगदी नवा आराखडा केला होता. जमीनमालकांना तो मानवला नाही. ज्याची त्याची जागा जेथल्या तेथे हवी होती. म्हणून गाव बहुतेक जुन्याच रेषांवर पुन्हा उठले. तेथल्या मुख्य चौकातील घरांच्या सज्जांवर आकडे रंगविलेले दिसतात. पूर्वी या चौकात बैलांचे खेळ होत आणि हे सज्जे म्हणजे प्रेक्षकांच्या जागा!

यानंतर समुद्राची गोष्ट. कोळ्याला आणि खलाशाला समुद्र हा धंदा. हौसेने त्यात उतरण्याची कल्पना डॉक्टरांची. १८४५ साली कोवळ्या वयाच्या इसाबेल राणीला त्वचेच्या विकारावर खाऱ्या पाण्याचे स्नान सांगितले गेले, आणि ती येथे आली. राणी आली म्हणजे दरबार येणार, दरबारामागे श्रीमंत येणार, हे ओघानेच आले. १८६३ साली तट पाडावयास आरंभ झाला, १८६४ साली माद्रिदहून फ्रान्सच्या हद्दीकडे जाणारी आगगाडी पूर्ण झाली. १८८७ पासून राज्यकारभार पाहणारी मारिया क्रिस्तिना राणी दर उन्हाळ्यात येऊ लागली. १८९३ साली तिचा मिरामार राजवाडा खाडीवर उभा राहिला. राजघराण्याची स्नानाची खोली रुळांवरून पाण्यापर्यंत सरकत असे. इतरांच्या चाकांच्या खोल्या बैल ओढीत. ज्यांना लाटांची भीती, त्यांना हात धरून पाण्यात उतरविणारे पगारी लोक असत. श्रीमंतांच्या विश्रांतीला किती माणसे लागतात पाहा!

त्या माणसांच्या विश्रांतीचे काय? स्पेनमध्ये रविवारच्या सुट्टीचा कायदा झाला १९०४ साली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो १८९० साली, म्हणजे त्याच्या चौदा वर्षे आधी. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. १९१९ साली बार्सेलोनात वीज कंपनीच्या कामगारांपासून मोठा संप पेटला, तेव्हा स्पेनमध्ये आठ तासांचा दिवस आला. भरपगारी रजा, वर्षाला सात दिवस, आली ती १९३१ च्या प्रजासत्ताकाच्या कायद्याने. ही रजा हाती आल्यावरच कामगाराला समुद्र हा सहलीचा विषय झाला.

परंतु पाचच वर्षांत, १९३६ च्या जुलैत, लष्कराने बंड केले. बंडखोर अधिकारी येथल्या मारिया क्रिस्तिना हॉटेलात आणि जुन्या जुगारगृहात ठाण मांडून बसले. कामगार संघटनांच्या लोकांनी त्यांना शरण आणले. लोयोलाची लष्करी बराकही महिनाअखेरीस पडली. पण १३ सप्टेंबरला बंडखोरांच्या फौजा गावात शिरल्या. हे जुगारगृह १८८७ चे. १९२४ साली जुगार बंद झाला आणि १९४७ पासून तेथे नगरपालिका आहे. भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा अजून दाखवितात. त्या जरूर पाहाव्यात. पुढे १९४० ते १९७५ फ्रँको उन्हाळ्यात येथल्या आयेते राजवाड्यात उतरत असे आणि मंत्रिमंडळही तेथेच भरवी.

आता आयेतेची बाग सर्वांना खुली आहे. मिरामार राजवाडा नगरपालिकेने १९७२ साली विकत घेतला. त्याच्या हिरवळीवर आता पोरे लोळतात. १९७८ च्या राज्यघटनेने पुळणी सार्वजनिक मालमत्ता ठरविल्या आणि १९८८ च्या कायद्याने ते पक्के केले. तरी प्रश्न संपला असे नाही. स्पेनभरच्या हॉटेलांत खोल्या झाडणाऱ्या बायका ‘लास केलीस’ या नावाने संघटित झाल्या आहेत. गाद्या उचलून कंबर जाते, हे त्यांचे म्हणणे. बालेआरिक बेटांच्या सरकारने २०२२ साली हॉटेलांतले पलंग यंत्राने वर उचलले जाणारे हवेत, असा कायदाच केला. आमच्या मते उल्लेख करावा असा हा कायदा आहे.

जाणाऱ्याने एक करावे : ओहोटीची वेळ विचारून निघावे. मिरामारच्या खाली खडकाची एक सोंड समुद्रात आली आहे. भरतीला ती कोंचा आणि पलीकडची ओंदारेता या पुळणी तोडते. ओहोटीला मात्र तिच्या पायथ्याने ओल्या वाळूवरून, राणीच्या खिडक्यांखालून, चालत पलीकडे जाता येते.