एकविसाव्या जोडीतले अधिक गुणसूत्र

इंग्रज वैद्य जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ साली वर्णिलेल्या ‘डाउन सिंड्रोम’ या लक्षणसमूहाचे मूळ एकविसाव्या जोडीतील एका अधिक गुणसूत्रात आहे, हे पॅरिसच्या संशोधकांनी १९५९ साली सिद्ध केले. तेव्हा दोष ना मातेचा, ना ग्रहणाचा. अशा सुमारे निम्म्या बालकांना जन्मजात हृदयविकार असतो, म्हणून हृदयाची व थायरॉईडची तपासणी अगत्याची. दिव्यांगत्वाचा रीतसर दाखला हाती असल्यास नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळू शकतो. परंतु लेकराचा, एकच आडवी रेघ असलेला इवला तळहात मुठीत धरून लोणावळ्याहून पहाटेच्या लोकलने पुण्यास निघणाऱ्या मातेची खरी निकड आहे ती घराजवळच्या वाचोपचाराची, आणि शेजाऱ्यांच्या निःसंकोच स्नेहाची.